ड्राफ्टमध्ये आधी ओ-लाइनवाला घ्यायचा की रिसीव्हर? बेंगल्स २०२१, चेस की सूएल

ओहायोवासी

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉलवर इथे फार धागे निघत नाहीत, पण परवा आमच्याकडे चार घरं जेवायला जमली होती, ताटं तशीच राहिली आणि दीड तास एकाच गोष्टीवर वाद रंगला, तेव्हा म्हटलं इथे मांडावं, जाणकार आहेत बरेच.

वाद असा. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये सिनसिनाटी बेंगल्सचा पाचवा नंबर होता. समोर दोन पोरं शिल्लक, एक जमार चेस, रिसीव्हर (पुढे पळून फेकलेला बॉल पकडणारा), आणि दुसरा पेने सूएल, ऑफेन्सिव्ह टॅकल. बेंगल्सनी चेस घेतला. सूएल दोन नंबर खाली सातव्याला डेट्रॉइट लायन्सकडे गेला.

ज्यांना खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारी पोरं ३२ टीम आळीपाळीने उचलतात, मागच्या सीझनला जी टीम तळाला तिचा नंबर आधी, असे सात राउंड. ओ-लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, पुढे उभे राहणारे पाच जण, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल, एकेक जण १४० किलोच्या आसपास. सेंटर बॉल मागे देतो तेवढंच, बाकी चौघांचा बॉलला हातही लागत नाही, त्यांनी फक्त समोरच्याला अडीच-तीन सेकंद थोपवून धरायचं की मागे क्वार्टरबॅकला बघायला आणि फेकायला वेळ मिळतो.

आता माझी बाजू. २२ नोव्हेंबर २०२०, वॉशिंग्टनमधली मॅच, कोविडमुळे आम्ही सगळे घरातच, मुलगा नऊ वर्षांचा, आमचा क्वार्टरबॅक जो बरोची ९ नंबरची जर्सी घालून सोफ्याच्या कडेला बसलेला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या लेफ्ट गार्डला समोरच्याने ढकलत ढकलत थेट जो बरोच्या डाव्या पायावर नेऊन घातलं. गुडघ्याचे लिगामेंट फाटले. कार्टवरून त्याला बाहेर नेताना मुलगा काहीच बोलला नाही, उठला, जर्सी काढली, घडी केली आणि आत जाऊन झोपला. त्या वर्षी बरो दहा मॅच खेळला आणि ३२ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आत पाडला गेला. म्हणजे पहिल्या नंबरला घेतलेला क्वार्टरबॅक, अख्ख्या शहराची आशा, आणि त्याच्या पुढची भिंत अशी. पाच महिन्यांनी आमच्याच ओहायोत, क्लीव्हलँडला ड्राफ्ट होता, आणि मला वाटलं होतं की यात विचार करायला काही शिल्लकच नाही, सूएल घ्या आणि घरी या.

त्यांनी चेस घेतला. पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल, पण माझं म्हणणं अजून तेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

सिनसिनाटीची_सई

ओहायोवासी दादा, पूर्ण आदर राखून असहमत. मी २ जानेवारी २०२२ ला स्टेडियममध्ये होते, कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध. चेसने त्या दिवशी ११ कॅच, २६६ यार्ड आणि ३ टचडाउन केले, कुठल्याही रुकीने (पहिल्या वर्षाच्या खेळाडूने) एका मॅचमध्ये इतके यार्ड त्याआधी कधी काढले नव्हते. आणि शेवटच्या ड्राइव्हला तिसरा डाउन (ठरलेले यार्ड काढायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), २७ यार्ड हवेत, सत्तावीस! माझ्या शेजारचे आजोबा डोळे मिटून बसले होते. बरोने बॉल उंच फेकला आणि चेसने ३० यार्डाचा कॅच घेतला. ३४-३१ जिंकलो, डिव्हिजन जिंकली. तिथे सूएल असता तर त्याने तिसरा-सत्तावीसला काय केलं असतं सांगा.

पूर्ण सीझनला १४५५ यार्ड, १३ टचडाउन, सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह रुकी. टीम सुपर बोलला, म्हणजे फायनलला गेली. याच्यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे?

ओहायोवासी

सई, पुरावा तुझ्याच उत्तरात आहे बघ. तिसरा-सत्तावीस मुळात आला कुठून? मागे ढकलले गेलो म्हणूनच ना.

त्याच सीझनला बरो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टेनेसीला प्लेऑफमध्ये नऊ वेळा सॅक झाला, नऊ, आणि तरी १९-१६ जिंकलो, तेही आपला किकर मॅकफर्सनच्या शेवटच्या ५२ यार्डांच्या किकवर. सुपर बोलमध्ये सात वेळा. आणि शेवटचा प्ले आठव. रॅम्स २३, आपण २०, चौथा डाउन आणि एक यार्ड हवा, ४३ सेकंद उरलेले. आरन डॉनल्डने आपल्या लेफ्ट गार्डला पार केलं आणि बरोला कमरेला धरून भिंगरीसारखा फिरवला, बरोने पडता पडता बॉल कसाबसा भिरकावला, खाली पडला, संपलं.

आता तोच प्ले वरच्या कॅमेऱ्यातून बघ, ज्यात सगळे २२ खेळाडू दिसतात. उजव्या-डाव्या गोंधळात कुणाचं लक्ष गेलं नाही, पण तिकडे पुढे चेसला अडवणारा जेलन रॅम्झी घसरलाय आणि चेस एकटा पळतोय. मोकळा. समोर कुणी नाही. आणखी एक सेकंद मिळाला असता तर तो टचडाउन होता. म्हणजे जो पाचव्या नंबरला घेतला तो आपलं काम चोख करत होता, आणि त्याच्यापर्यंत बॉल पोचवायला जो सेकंद लागतो तो सेकंद देणारं कुणी नव्हतं. मी तो प्ले किती वेळा बघितलाय ते मोजत नाही.

नवखा_पुणेकर

मी पुण्यातून पहाटे पाचला उठून सुपर बोल बघतो, गेली चार वर्षं, एकटाच, घरच्यांना काही कळत नाही काय चाललंय. प्रश्न असा आहे की रिसीव्हरचे यार्ड मोजता येतात, कॅच मोजता येतात. ओ-लाइनवाल्याचं काय मोजतात? मला तर टीव्हीवर पाच जाडजूड माणसं एकमेकांवर आदळताना दिसतात, त्यातला चांगला कोण हे ओळखायचं कसं? आणि ड्राफ्टला तर कॉलेजचं पोरगं बघून ठरवायचं म्हणजे आणखीनच अवघड.

तालमीतला

पुणेकर, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलात, आणि यावर मी बोलल्याशिवाय राहणार नाही, कारण माझा थोरला इथे इंडियानापोलिसजवळ हायस्कूलला लेफ्ट गार्ड खेळतो आणि मी स्वतः कोल्हापुरात तालमीत वाढलेला माणूस आहे.

एक करा, पुढच्या मॅचला बॉलकडे बघूच नका. बॉल निघाला की नजर फक्त एका टॅकलवर ठेवा, आणि त्याच्या पण पायांवर. चांगल्या पोराचे पाय जमिनीपासून फार वर उचलले जात नाहीत, मागे तिरकं सरकताना तो छोटी छोटी पावलं टाकतो, एक पाय दुसऱ्यापुढून जात नाही, आणि गुडघे वाकलेले, पाठ सरळ, बूड खाली. हा पवित्राच आहे हो, दुसरं काही नाही. आमचे वस्ताद सांगायचे की डोकं पायाच्या अंगठ्याच्या पुढे गेलं की तू पडलास, पट निघाला तुझा. इथे पण तेच, जो पोरगा कमरेतून वाकतो आणि पुढे झुकून धक्का मारायला जातो त्याला समोरचा नुसता हात बाजूला करून रिकामा सोडतो आणि पार होतो.

दुसरं हात. हात आधी टाकायचा पण फार आधी नाही. समोरच्याच्या छातीवर, काखेच्या आत, तळवा लागला पाहिजे. बाहेरून धरलं की होल्डिंग, दहा यार्ड दंड. गेल्या सीझनला आमच्या पोराला पहिल्या तीन शुक्रवारी मिळून चार होल्डिंग लागले होते, घरी आल्यावर गॅरेजमध्ये गादी भिंतीला उभी केली आणि रोज रात्री जेवणाआधी शंभर वेळा दोन्ही तळवे एका खुणेवर मारायला लावले, खूण म्हणजे माझ्या बायकोने खडूने काढलेले दोन गोल. नंतरच्या सगळ्या सीझनला मिळून एकच होल्डिंग. त्याच्या कोचनी विचारलं काय केलंस, तो म्हणाला आईने गोल काढले.

तिसरी गोष्ट, आणि ड्राफ्टला हीच बघायला पाहिजे असं माझं मत, हरल्यावर काय करतो. टॅकल कधीतरी हरणारच, समोरचा पण खाऊनपिऊन आलेला असतो. पहिला धक्का बसून मागे गेला तरी कंबर खाली टाकून पुन्हा मुळं धरतो का? ज्याला ते येतं तो टिकतो.

कुस्तीचा आणि या जागेचा संबंध मी मनाने जोडत नाहीये. टॅम्पा बेच्या ट्रिस्टन वर्फ्सने आयोवात २०१७ ला हायस्कूलचं हेवीवेट राज्य विजेतेपद मिळवलंय. आणि स्टीफन नील म्हणून एक होता, १९९९ च्या कॉलेज कुस्तीच्या फायनलला त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं होतं, कॉलेजात फुटबॉल एकदाही खेळला नव्हता, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, आणि पेट्रिअट्सकडे गार्ड म्हणून तीन सुपर बोल जिंकून गेला.

नवखा_पुणेकर

तालमीतला काका, हे वाचून मी आत्ता एक जुनी मॅच लावली आणि फक्त लेफ्ट टॅकल बघितला. पूर्ण वेगळाच खेळ दिसतोय. वीस मिनिटांत कळलं की हा माणूस दर वेळी डाव्या पायाने आधी निघतो. धन्यवाद. वहिनींच्या गोलांना पण.

आकडेमोड

ओ-लाइनवाला निवडताना टीम काय काय मोजतात ते सांगतो, कारण तिथेच निम्मे गोंधळ होतात.

दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कॉम्बाइन असते (तालमीतला काकांच्या गावाजवळच). तिथे उंची, वजन, ४० यार्डांची धाव आणि त्यातले पहिले १० यार्ड वेगळे, २२५ पौंडांची बार किती वेळा उचलली ते, आणि हाताची लांबी. टॅकलला ३४ इंचाच्या आसपास हात पाहिजे असा एक ठोकताळा आहे. कारण साधं आहे, ज्याचा हात लांब तो आधी पोचतो. पण त्याच ठोकताळ्यावर बसून राहिलं की फसगत होते. झॅक मार्टिनचे हात ३३ पेक्षा कमी भरले, २०१४ ला तो सोळाव्या नंबरला डॅलसला गेला, त्यांनी त्याला टॅकलचा गार्ड केला, नऊ वेळा प्रो बोलला (वर्षातल्या निवडक खेळाडूंत) निवडला गेला आणि पूर्ण करिअरमध्ये होल्डिंग फक्त सात. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला ग्रेग रॉबिन्सन गेला होता, अंगापिंडाने डोळे दिपतील असा, आणि रॅम्सना त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याआधी २००९ ला पण त्याच टीमने दुसऱ्याच नंबरला जेसन स्मिथ घेतला, तोही वाया गेला.

२०१३ चा ड्राफ्ट तर मी कुणी विचारलं की तोच सांगतो. पहिला एरिक फिशर, दुसरा ल्यूक जोकेल, चौथा लेन जॉन्सन, पहिल्या चारात तीन टॅकल. फिशर ठीक झाला, जोकेल नाही झाला, जॉन्सन अव्वल ठरला. आणि त्याच वर्षी टेरॉन आर्मस्टेड ७५ व्या नंबरला तिसऱ्या राउंडला आणि डेव्हिड बाख्तियारी १०९ व्या नंबरला मिळाला, चौथ्या राउंडला! म्हणजे तज्ज्ञांना पण नीट दिसत नाही.

एक कारण हे की आता बऱ्याच कॉलेजात क्वार्टरबॅक मागे उभा राहून पटकन बॉल सोडतो, टॅकलला तीन सेकंद धरून ठेवायची वेळच कमी येते, हात जमिनीला टेकवून उभं राहणं पण काही पोरांना ठाऊक नसतं. आणि लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या करारानंतर सीझनमध्ये पूर्ण पॅड घालून सराव फक्त १४ वेळा करता येतो. ही जागा अंगावर घेऊन शिकायची आहे, अंगावर घ्यायला दिवसच नाहीत.

फिलीकर

आकडेमोड यांनी लेन जॉन्सनचं नाव घेतलं म्हणून. तो ज्युनियर कॉलेजला क्वार्टरबॅक होता! मग टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल. आमच्या ईगल्सनी नुसतं शरीर बघितलं नाही, हलतो कसा ते बघितलं. जॉर्डन मायलाटा तर ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळला नव्हता, २०१८ ला सातव्या राउंडला २३३ वा. जेसन केल्सी सहाव्या राउंडचा १९१ वा, तो तर सई तुमच्या युनिव्हर्सिटी ऑफ सिनसिनाटीचाच. हे तिघं एका लाइनमध्ये उभे राहिले.

माझं म्हणणं एवढंच की लाइनवाला निवडताना त्याला शिकवणार कोण हे आधी बघा. लाइनचे कोच जेफ स्टाउटलंड २०१३ ला आमच्याकडे आले. तोच मायलाटा दुसऱ्या एखाद्या टीमने घेतला असता तर वर्षभरात विमानात बसवून परत पाठवला असता असं मला मनापासून वाटतं.

क्लीव्हलँडकर

उलटी बाजू पण मांडतो, आणि फार जड मनाने मांडतो.

२००७ ला ब्राउन्सनी तिसऱ्या नंबरला जो थॉमस घेतला. ड्राफ्टच्या दिवशी तो न्यूयॉर्कला सूट घालून गेला नाही, वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता. त्यानंतर लागोपाठ १०,३६३ स्नॅप (सेंटरने बॉल मागे दिला की एक स्नॅप) खेळला, एकही न चुकवता, २०१७ ला दंडाचा स्नायू फाटला तेव्हा पहिल्यांदा बाहेर बसला. याहून चांगला लेफ्ट टॅकल निवडणं शक्यच नाही. २०२३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आणि अकरा वर्षांत प्लेऑफची एक मॅच खेळायला मिळाली नाही त्याला. एकही नाही. कारण तो ज्यांना वाचवत होता ते क्वार्टरबॅक दर वर्षी बदलत होते. भिंत उत्तम बांधली पण आत घरच नव्हतं. थंडीत बर्फात मी त्या स्टेडियममध्ये बसून फक्त ७३ नंबरकडे बघायचो, तेवढं एकच बघण्यासारखं होतं. म्हणून मला बेंगल्सचा निर्णय समजतो. आधी बॉल पळवणारी माणसं पाहिजेत.

मिशिगनची_मेघा

धाग्यावर डेट्रॉइटकडून कुणी आलं नाही अजून, म्हणून मी. सूएल आमचा आहे, त्याच्याबद्दल थोडं आम्हाला पण बोलू द्या!

पेने सूएल जन्मला अमेरिकन सामोआत, लहानपणी घरच्यांबरोबर युटाला आला, भाऊ पण सगळे फुटबॉलमधले. ओरेगनला २०१९ ला देशातल्या सर्वोत्तम लाइनमनचं आउटलंड पारितोषिक मिळालं, २०२० कोविडमुळे खेळला नाही, म्हणजे ड्राफ्टला सगळ्यांनी बघितलं ते त्याचं एकोणिसाव्या वर्षापर्यंतचं फिल्म. घेतला तेव्हा वीस वर्षांचा होता. सातव्या नंबरला तो अजून शिल्लक आहे हे कळल्यावर आमचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स त्या खोलीत अक्षरशः ओरडत होते, व्हिडिओ आहे त्याचा.

पहिलं वर्ष सोपं नव्हतं हं. त्याला राइट टॅकल करायचं ठरवलं, कॉलेजात लेफ्ट खेळलेला, प्री-सीझनला धडपडला, लोक म्हणायला लागले चुकलं. मग आमचा लेफ्ट टॅकल टेलर डेकरला लागलं म्हणून पुन्हा लेफ्टला, डेकर आला तेव्हा पुन्हा राइटला. सीझनच्या मधे! तालमीतला काका सांगतील, उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने वरण-भात कालवायला लावण्यासारखं आहे ते. टीम ३-१३-१. पण २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी फर्स्ट टीम ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांच्या यादीत.

आणि एक प्ले सांगतेच. ११ डिसेंबर २०२२, मिनेसोटा व्हायकिंग्सविरुद्ध, आम्ही पुढे होतो, घड्याळ संपवायचं होतं, तिसरा डाउन आणि सात यार्ड. सूएल रेफरीला सांगून रिसीव्हर म्हणून उभा राहिला, आडवा धावत सुटला आणि आमचा क्वार्टरबॅक गॉफने त्याला बॉल फेकला. दीडशे किलोचा माणूस, दोन्ही हातांनी बॉल पोटाशी घट्ट धरून, नऊ यार्ड. माझ्या सासूबाई तेव्हा इथे आल्या होत्या, त्यांना नियम काहीही ठाऊक नव्हते, पण त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, अगं हा तर पळतो पण!

एप्रिल २०२४ ला ड्राफ्ट डेट्रॉइटलाच होता. आम्ही मुलांना घेऊन डाउनटाउनला गेलो, पाय ठेवायला जागा नव्हती, तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक आले. आणि त्याच्या आदल्याच दिवशी सूएलचा करार झाला होता, ४ वर्षं, ११२ मिलियन डॉलर. त्याच दिवशी आमॉन-रा सेंट ब्राउनचा पण झाला.

आकडेमोड

मेघाताई, तुम्ही शेवटी जे नाव घेतलंत ना, त्यात या वादाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

सगळे जण चेस की सूएल असं भांडतात. पण टीम एकच पोरगं घेत नाही. खरी तुलना जोडीची आहे. बेंगल्सना मिळाला चेस, अधिक त्यांनी नंतर घेतलेला लाइनवाला. लायन्सना मिळाला सूएल, अधिक त्यांनी नंतर घेतलेला रिसीव्हर.

लायन्सचा नंतरचा रिसीव्हर कोण? त्याच ड्राफ्टच्या चौथ्या राउंडला ११२ वा, आमॉन-रा सेंट ब्राउन. त्याच्या आधी १६ रिसीव्हर गेले आणि त्याला ती सोळाही नावं अजून पाठ आहेत. २०२३ ला ११९ कॅच, १५१५ यार्ड.

बेंगल्सचा नंतरचा लाइनवाला कोण? दुसऱ्या राउंडला त्यांचा ३८ वा नंबर होता. तो त्यांनी पेट्रिअट्सना दिला, ४६ वर गेले आणि बदल्यात चौथ्या राउंडचे दोन नंबर घेतले. ४६ ला घेतला क्लेमसनचा जॅक्सन कारमन. कॉलेजात टॅकल, इथे गार्ड करायचा म्हणून घेतला. पहिल्या वर्षी जागा पक्की करू शकला नाही, आता टीममध्ये नाहीये. आणि सेंटर क्रीड हम्फ्री तेव्हा बाकी होता. तो ६३ ला चीफ्सकडे गेला.

चीफ्सचं बघा. फेब्रुवारी २०२१ ला सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही टॅकल जायबंदी, त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स रात्रभर पळत होता, ३१-९ हरले. त्यांनी मनावर घेतलं, त्याच ड्राफ्टमध्ये हम्फ्री ६३ ला आणि ट्रे स्मिथ २२६ ला, ज्याला फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या म्हणून बाकीच्या टीम घाबरल्या. दोघं पहिल्या दिवसापासून खेळले.

म्हणून माझ्या मते पाचव्या नंबरचा निर्णय चुकला नाही, ४६ चा चुकला.

ओहायोवासी

आकडेमोड, हे मी असं जोडून कधी बघितलं नव्हतं. विचार करतोय. पण मग याचा अर्थ लाइनवाला पुढे ढकलता येतो असा होतो का? बाख्तियारी, आर्मस्टेड, केल्सी, हे पुढच्या राउंडला मिळाले हे खरं, पण त्याच राउंडला मिळालेले आणि वाया गेलेले कितीतरी असतील ज्यांची नावं आपण घेत नाही.

आकडेमोड

बरोबर पकडलंत. म्हणूनच मी म्हणतो की लाइन ही एका माणसाची गोष्ट नाही. चेस एकटा मॅच फिरवू शकतो. लाइनमध्ये चार जण उत्तम असले आणि पाचवा कच्चा असला तर समोरचा कोच डॉनल्डसारखा माणूस बरोबर त्या पाचव्यासमोर आणून उभा करतो. सुपर बोलला तेच झालं. सूएल असता तर तो टॅकलला असता, आणि बरोला फिरवणारा डॉनल्ड गार्डवरून आला. सूएल कितीही चांगला असो, त्या प्लेला तो डॉनल्डच्या समोर नसता.

पैशांचं पण आहे. रुकीचा पगार नंबरावर ठरतो, जागेवर नाही. चेसने २०२५ ला नवा करार केला तो १६१ मिलियनचा, ४ वर्षांचा. म्हणजे पहिली वर्षं तो स्वस्तात मिळणं हा मोठा फायदा, आणि वाचलेल्या पैशांतून तयार लाइनवाले विकत घ्यायचे. बेंगल्सनी २०२२ ला तेच केलं, कापा, कॅरस, कॉलिन्स तिघं बाहेरून आणले.

सिनसिनाटीची_सई

आणि जानेवारी २०२३ पर्यंत त्यातले कापा आणि कॉलिन्स जायबंदी झाले, जोना विल्यम्स पण. कारमन लेफ्ट टॅकलला खेळला, बफलोच्या बर्फात आम्ही २७-१० जिंकलो, दादा ते तरी कबूल करा, त्या दिवशी तो पोरगा जिवाच्या आकांताने खेळला. पण पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीला बरो पाच वेळा सॅक झाला आणि २३-२० हरलो. हे लिहिताना पण वाईट वाटतंय.

तालमीतला

आकडेमोड यांचा गार्ड-टॅकलचा मुद्दा शंभर टक्के. पण एक राहिलं. पाच जण एकमेकांशेजारी वर्षानुवर्षं उभे राहिले की न बोलता समजतं. समोरचे दोघं कात्री मारून जागा बदलतात, आतला बाहेर आणि बाहेरचा आत येतो, तेव्हा गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करायचा आणि येणारा उचलायचा, एका क्षणात. आमचा पोरगा आणि त्याच्या शेजारचा टॅकल शाळेत डबा पण एकत्र खातात, त्यांच्या कोचनीच सांगितलंय तसं. कबड्डीत साखळी धरतात ना, हात सुटला की रेडर गेला, तसं आहे. दर वर्षी बाहेरून तीन नवीन माणसं आणली तर पैसे लागतात ते लागतात, वर साखळी पुन्हा पहिल्यापासून बांधायची. म्हणून ड्राफ्टमधून घेऊन वाढवलेला लाइनवाला मला जास्त मोलाचा वाटतो, तो निदान चार-पाच वर्षं त्याच जागेवर त्याच शेजाऱ्याबरोबर असतो.

नवखा_पुणेकर

मग आजच्या घडीला हे नीट कुणी केलंय? म्हणजे लाइनवाला आधी, रिसीव्हर नंतर, आणि दोन्ही लागले असं?

आकडेमोड

२०२४ चे चार्जर्स बघा. जिम हारबॉ नवीन कोच, पाचवाच नंबर, समोर मलिक नेबर्स रिसीव्हर उभा, तरी टॅकल जो ऑल्ट घेतला. दुसऱ्या राउंडला ३४ वर लॅड मॅकॉन्की, रिसीव्हर, पहिल्याच वर्षी ८२ कॅच आणि ११४९ यार्ड. जोडी लागली. पण २०२५ च्या ऑगस्टला सरावात दुसरा टॅकल रशॉन स्लेटरच्या गुडघ्याचा टेंडन फाटला आणि पूर्ण सीझन गेला. लाइनचं असंच असतं, पाचातला एक गेला की बाकी चौघांचा हिशेब बदलतो.

मिशिगनची_मेघा

आमच्याकडे तेच, फ्रँक रॅगनाऊ सेंटर, जून २०२५ ला निवृत्त झाला. टीव्हीवर त्याचं नाव वर्षभरात चार वेळा पण येत नसेल. मी त्या दिवशी ऑफिसमध्ये बातमी वाचली आणि नवऱ्याला फोन केला.

ओहायोवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलगा आणि मी तो शेवटचा प्ले पुन्हा लावला. तो आता माझ्या खांद्याच्या वर गेलाय. या वेळी तालमीतला काकांनी सांगितलं तसं बॉलकडे बघितलं नाही, फक्त लाइनकडे, एकेका माणसाकडे, पाच वेळा मागे नेऊन. डॉनल्ड गार्डच्या बाहेरच्या खांद्यावरून जातो, आणि जाण्याआधी गार्डचं डोकं पुढे आलंय, पायाच्या अंगठ्याच्या पुढे, अगदी काकांच्या वस्तादांनी सांगितलं तसं. टॅकलला कुणी हरवलेलं नाही. सूएल असता तरी तो प्ले तसाच संपला असता, हे मला मान्य करावं लागतंय, आणि इतकी वर्षं मी मुलाला वेगळंच सांगत आलो होतो.

तरी पण ३८ वरून ४६ ला खाली जाणं मला पटत नाही ते नाहीच. त्यांनी नंबर सोडल्यावर ३९ ला टेव्हन जेन्किन्स गेला, ४२ ला आयकनबर्ग, ४५ ला वॉकर लिटल, सगळे लाइनवाले, एकामागून एक, आणि आम्ही बसून बघत होतो. यावर नवीन धागा काढू का? आकडेमोड, दुसऱ्या राउंडच्या त्या सगळ्या लाइनवाल्यांचं पुढे काय झालं ते तुमच्याकडे असेल तर द्या, मुलगा विचारतोय.

आकडेमोड

काढा. शनिवारी बसून लिहितो. सॅम कॉस्मी ५१ चा पण धरा त्यात.